बुचाच्या मुठीची काठी

मासे पकडायची चांगली काठी कशी निवडावी हे मला उत्तम कळतं. मासे मात्र मी खात नव्हतो, आमच्या घराण्यात कुणी खाल्ले नव्हते, आणि सोलापूरकडच्या आमच्या गावात विहीर सोडली तर पाय बुडेल इतकं पाणी कुठं नव्हतं. अशा माणसाला काठीचा लवचीकपणा, कड्यांचा गुळगुळीतपणा, मुठीचं बूच असल्या गोष्टींची पारख असावी हे शाळेतल्या माझ्या सहकाऱ्यांना कधी पटलं नाही. मीही पटवत बसलो नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर ‘बायकोनं शिकवलं’ एवढंच सांगतो. मग समोरचा गप्प होतो, आणि मलाही तेच हवं असतं.

बायको भुईगावची. ख्रिस्ती बागायतदाराची मुलगी, केळी आणि मोगरा यांच्यात वाढलेली. नालासोपाऱ्याच्या एका शाळेत आम्ही दोघं शिकवत होतो, मी गणित, ती मराठी. माझं मराठी ती स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत सुधारायची. राग यायचा, आणि तरी मी रोज तिच्याच शेजारची खुर्ची पकडायचो. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न केलं तेव्हा दोन्ही घरांनी तोंडं वाकडी केली, आणि वर्षभरात सरळही केली. नालासोपाऱ्यातच, गासच्या रस्त्याला, आम्ही फ्लॅट घेतला. खिडकीतून भाताची शेतं दिसायची. वडील गेल्यावर आई गावाहून आमच्याकडे राहायला आली.

आई येण्याच्या आदल्या दिवशी बायकोनं स्वयंपाकघरातली मासळीची कढई, तवा आणि मासे कापायचा पाट एका गोणीत भरले आणि माहेरी नेऊन ठेवले. मी म्हटलं, ‘‘आई काही म्हणाली का तुला?’’

‘‘त्या कशाला म्हणतील? पण त्यांना वास सोसणार नाही. मी रविवारी पप्पांकडे खाईन की.’’

तेव्हापासून आमच्या घरात मासा शिजला नाही. रविवारी सकाळी ती चर्चला जायची, तिथून माहेरी, मग वडिलांबरोबर खाडीच्या तोंडाशी गरवायला. गळाला आमिष लावून मासे पकडण्याला तिकडे गरवणं म्हणतात. मी दुपारी स्कूटरनं तिला आणायला जायचो. सासू आमच्या लग्नाआधीच गेलेल्या, सासरेच माझ्यासाठी वालाची भाजी करून ठेवायचे आणि ते दोघं समोर बसून मासे खायचे. निघण्याआधी ती विहिरीवर हात धुवायची, आधी लिंबानं, मग डाळीच्या पिठानं, बोटांची टोकं लाल होईपर्यंत. घरी आल्यावर माझ्या आईला पाणी द्यायच्या आधी पुन्हा एकदा हात हुंगून बघायची. आईच्या कधी ध्यानात आलं नसेल असं मी समजत होतो.

सासऱ्यांकडच्या काठ्या बांबूच्या. बांबू कापायचा, छपराला टांगायचा, खाली धोंडा बांधून सरळ होऊ द्यायचा. जितका जाड तितका चांगला, असा त्या घरातला हिशोब. मासा लागला की तो डोक्यावरून मागं वाळूत आपटता आला पाहिजे, एवढीच काठीकडून अपेक्षा. आणि काठीच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. नव्या काठीचा पहिला मासा, ज्यानं काठी दिली त्याच्या घरी शिजायचा, आणि पहिला घास त्यानं घ्यायचा. बायको लहान असताना निर्मळच्या आत्यानं तिला आपल्या बेटातला बांबू दिला होता. त्या काठीला बोटभर बोय मासा लागला, तर वडिलांनी तिला सायकलवर बसवून तो बोय निर्मळला पोचवला होता. आत्यानं तो तळला, घास घेतला, मग उरलेला हिला दिला. ‘‘उरणार काय त्यात?’’ मी विचारायचो. ‘‘ही तर सरळ जकात झाली.’’

‘‘तुला नाही कळायचं,’’ ती म्हणायची. ‘‘तुमच्याकडे विहिरीत बेडूक.’’

तिचा मामा बोटीवर नोकरीला होता. एका सुट्टीत त्यानं तिच्यासाठी परदेशातून कचकड्याचे मासे आणले. रंगवलेले, डोळे असलेले, पोटाखाली तीन आकड्यांचे गळ. ते पाण्यात फेकायचे आणि दोरी गुंडाळत असे ओढायचे की मोठ्या माशाला वाटावं, जखमी पिल्लू पळतंय. खोक्यावर एका हिरव्या, मोठ्या जबड्याच्या माशाचं चित्र होतं. त्याला तिकडे बास म्हणतात. आपल्या खाडीतला जिताडा त्याचाच भाऊबंद, असं मामा म्हणाला होता. दोघंही तसेच दगडाआड दबा धरून बसणारे, तसेच एकदम झडप घालणारे.

सासऱ्यांनी ते मासे जाड बांबूला बांधून बघितले. सुपारीएवढं एकेकाचं वजन, बांबूला ते कळणार कसं? कितीही जोर लावला तरी मासा पायाशीच पडायचा. सासरे म्हणाले, खेळणं आहे, शोकेसमध्ये ठेवा. बायकोनं ते लोखंडी कपाटात, लग्नाच्या साडीखाली ठेवले. त्यांच्यासाठी वेगळी काठी लागते, हलकी, शेंड्याला लवणारी, हे तिला ठाऊक होतं. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत ती म्हणायची, यंदा घेऊ. दरवर्षी काहीतरी आडवं यायचं, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, इमारतीची गळती, माझी बी.एड.ची फी. ती कधी रुसली नाही. रुसली असती तर आधी घेतली असती.

मग तिला छातीत गाठ लागली. मुंबईच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. उजवा हात सुजला तो सुजलाच. या हातानं ओझं उचलायचं नाही, त्याला सुई टोचू द्यायची नाही, कापू-भाजू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. फळ्यावर लिहिणारा हात तो. ती डाव्या हातानं लिहायला शिकायला लागली, आणि मुलांना सांगायची, माझं अक्षर तुमच्यापेक्षा वाईट आहे, आज तुम्ही मला मार्क द्या. घरी आली की हात उशीवर उंच ठेवून पडायची. तिच्याकडे बघितलं की मी दूधवाल्यावर, पेपरवाल्यावर ओरडायचो.

औषधांचा पहिला फेरा संपला, केस पुन्हा बारीक उगवले, आणि एक दिवस चहा पिता पिता ती म्हणाली, ‘‘काठी घेऊ या.’’

मला काय झालं ते आज सांगता येत नाही. मी कप खाली ठेवला आणि आत जाऊन तोंड धुतलं. ज्या बाईला पुढच्या हंगामात खाडीवर उभं राहून जिताडा पकडायचाय ती बरी व्हायचं ठरवूनच बसलीय, असा मी अर्थ लावला. मला देवाचं फारसं नाही, पण त्या दिवशी आईच्या देव्हाऱ्यापुढं उभा राहिलो. काठी म्हणजे ती बरी होणार, हे माझ्या डोक्यात असं पक्कं बसलं की मी तिच्याहून जास्त घाई करू लागलो.

मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्यांत, मासेमारीच्या सामानाची दुकानं होती. आम्ही टॅक्सीनं गेलो. पहिल्याच दुकानात मी सगळ्यात जाड काठी उचलली आणि म्हटलं, ‘‘ही बघ. दणकट.’’ ती कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली. म्हणाली, ‘‘पप्पांचा जावई शोभतोस खरा.’’

मग तिनं मला शिकवलं. तिला स्टूल मिळालं होतं, सुजलेला हात मांडीवर पर्स ठेवून तिच्यावर टेकवलेला. ‘‘माझ्यानं धरवणार नाही. तू धर, मी बघते,’’ ती म्हणाली. काचेच्या धाग्याची काठी स्वस्त असते, सहसा मोडत नाही, पण जड. कार्बनची हलकी, आणि शेंड्यावरचा बारीक धक्काही मुठीपर्यंत पोचवते. ‘‘गरवताना काठी धरून बसायचं असतं, वजन चालतं. हे मासे सकाळभर फेकत राहायचे. इथे चार तोळे जास्त झाले तरी खांदा भरून येतो.’’ खांद्याचं ती इतकं सहज बोलली की मी दुसरीकडे बघितलं.

मग शेंडा. मी काठी तिरपी धरून शेंडा छताला टेकवायचो आणि दाबायचो. नुसतं टोक वाकून बाकीचा भाग ताठ राहिला तर ती नको, मुठीपर्यंत सगळीच वाकली तर तीही नको. वरचा तिसरा हिस्सा सुरेख वळावा, आणि सोडली की थरथरत न राहता चटकन सरळ व्हावी. मग कड्या, ज्यांच्यातून दोरी धावते. तिनं पर्समधून कापूस काढला. जखमेच्या ड्रेसिंगसाठी आणलेल्या गुंडाळीतलाच होता तो. प्रत्येक कडीतून तो फिरवायला लावला. कुठं तंतू अडकला तर तिथं तडा आहे, आणि तो तडा एक दिवस दोरी कापणार. दुकानदारानं आपण होऊन तीन काठ्या बाजूला केल्या.

शेवटी मूठ. या एका गोष्टीला तिनं सगळ्यात जास्त वेळ घेतला. फोमची मूठ ओली झाली की घसरते, म्हणून बुचाची हवी. रीळ, म्हणजे दोरी गुंडाळायची चकरी, बसवायच्या जागेच्या जरा पुढं बोटावर तोलली की काठी दोन्हीकडे सारखी राहायला हवी. मुठीचा मागचा दांडा कोपराखाली नीट बसायला हवा, फार लांब झाला तर फेकताना अंगात अडकतो, आखूड झाला तर जोर येत नाही. ‘‘आता मागं ने. सोड. बोटं मिटतायत का पूर्ण? पुन्हा.’’ मी त्या अरुंद दुकानात हवेत खोट्या फेकी करत राहिलो. येणारे-जाणारे बघत होते. एरवी मी असल्या तमाशात उभा राहिलो नसतो.

‘‘मॅडम, चलाना किसको है?’’ दुकानदारानं विचारलं.

‘‘घर के लिए है,’’ ती म्हणाली.

दोन दुकानं पालथी घातल्यावर तिसऱ्यात काठी मिळाली. सात फुटांच्या आतली, दोन तुकड्यांची, गडद हिरवी, बुचाची मूठ. बासच्या गळांसाठी म्हणून ती बनवलेली होती, वर तसं छापलेलं होतं. सबंध एका तुकड्याची काठी अधिक चांगली, असं दुकानदारानं सुचवलं, पण तिला दोन तुकड्यांचीच हवी होती. ‘‘स्कूटरवर नेता आली पाहिजे,’’ ती म्हणाली. स्कूटर मीच चालवत होतो, तेव्हा त्यातही मला काही खटकलं नाही.

रिळासकट काठी घरी आली. आईनं ती दाराआडच्या कोपऱ्यात उभी केली, देव्हाऱ्यापासून शक्य तितकी लांब, आणि वर जुन्या धोतराची पिशवी शिवून चढवली. ‘‘धूळ बसते,’’ म्हणाली.

थंडी ओसरायच्या सुमारास, रविवारी सकाळी, आम्ही भुईगावच्या किनाऱ्यावर गेलो. सासरे पुढं गेले होते. पाणी चढायला लागलं होतं, खाडीच्या तोंडाशी, खडकांजवळ, ते गढूळ होऊन आत शिरत होतं. तिनं काठी जोडली, रीळ बसवलं, एक निळ्या पाठीचा कचकड्याचा मासा बांधला. डाव्या हातानं. मला गाठही बांधू दिली नाही.

तिनं फेकायला काठी मागं नेली आणि ती अडकली. मुठीचा दांडा तिच्या कोपराच्या मागं जाऊन कुशीला टेकत होता, ऑपरेशनच्या बाजूला. तिनं हात बदलला. तरी तेच. बुचाभोवती तिची बोटं पुरी मिटत नव्हती. मासा पायाशी पडला, बांबूवरून पडायचा तसाच. तिनं तो गुंडाळून घेतला आणि अजिबात न चिडता काठी माझ्या हातात दिली. ‘‘आता तू.’’

मी फेकली. दुकानात इतक्या वेळा हवेत केलेलं ते हातानं आपोआप केलं. दांडा माझ्या कोपराखाली बेतून दिल्यासारखा बसला. मासा खडकांच्या पलीकडे जाऊन पडला. सासरे ‘‘वा’’ म्हणाले. मी दोरी गुंडाळली नाही. मी मुठीकडे बघत होतो.

‘‘ही माझ्या मापाची आहे,’’ मी म्हटलं.

‘‘मग? तुझे शर्टपण मीच आणते ना.’’

मी काठी वाळूत टाकली आणि चालायला लागलो. सुरूच्या झाडांखालून, कळंबच्या बाजूला, बराच लांब. मला इतका संताप आला होता की कान तापले होते. मी देव्हाऱ्यापुढं उभा राहिलो होतो. मी सहकाऱ्यांना सांगितलं होतं, पुढच्या हंगामात ती मासे धरणार आहे. आणि ही त्या स्टुलावर बसून, माझं कोपर मापून, मी एकटा उरल्यावर काय करायचं ते ठरवत होती. तिनं आशा केव्हाच सोडली होती आणि मला साधं कळवलंही नव्हतं. आजही तो राग पुरता गेलेला नाही. तिच्यावर रागावलं की ती जवळ असल्यासारखी वाटते, म्हणून मी तो जाऊही देत नाही.

परत आलो तेव्हा सासरे काठी मांडीवर घेऊन कड्यांतली वाळू गोड्या पाण्यानं धूत होते. ती खडकावर बसली होती. मी बाजूला बसलो. ती म्हणाली, ‘‘मी गेले की तू इकडे यायचा बंद होशील. भांडण म्हणून नाही, पण तुझं इथं काय काम? मासे खात नाहीस, चर्चला येत नाहीस. आधी महिन्यातून एकदा येशील, मग नाताळला. पप्पा एकटे पडतील. आणि तू शाळेतून घरी आणि घरातून शाळेत, आईंवर चिडचिड करत बसशील. काठी असली की येशील. महागाची वस्तू पडून राहिली की तुला झोप येत नाही, मला ठाऊक आहे.’’

सासरे पाठमोरे होऊन धूत राहिले, कड्या केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या तरी.

त्यानंतर आजार पाठीच्या मणक्यात उतरला. ती घरीच असायची. आई तिला मऊ भात करून भरवायची. एकदा आईनं मला स्वयंपाकघरात गाठलं आणि विचारलं, ‘‘अरे, तिला मासळी खावीशी वाटत असेल. घरी आणली तर?’’ मी म्हटलं, तिलाच विचार. आईनं स्वतः जाऊन तिला विचारलं. ती आईचा हात धरून म्हणाली, ‘‘आई, नको. इतकी वर्षं नाही केलं, आता कुठं मोडता? मी बरी झाले की बघू.’’ आईपुढं ती खोटं बोलायची, माझ्यापुढं नाही. आई बाहेर येऊन बराच वेळ तांदूळ निवडत बसली.

पावसाळ्याच्या आधी ती गेली. भुईगावच्या चर्चमागच्या दफनभूमीत तिला ठेवलं. आईनं आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये पाऊल टाकलं. चपला कुठं काढायच्या असतात, एवढंच तिनं मला विचारलं.

पुढं तिनं सांगितलं होतं तसंच झालं. मी महिन्यातून एकदा सासऱ्यांकडे जायचो, उंबऱ्याजवळच्या खुर्चीत बसायचो, चहा घ्यायचो. आम्ही केळीच्या भावाबद्दल बोलायचो. मग तेही कमी झालं. मी चिडका होतोच, आता असह्य झालो. वर्गात पोरं माझ्या पावलांचा आवाज आला की गप्प व्हायची, आणि मला ते बरं वाटायचं.

एका शनिवारी आईनं दाराआडची पिशवी माझ्यासमोर आणून ठेवली. ‘‘ही अशी ठेवायला घेतली होती का तिनं?’’

मी गेलो. सासऱ्यांनी काही विचारलं नाही, बांबू खांद्यावर टाकला आणि माझ्याबरोबर निघाले. त्यानंतर शनिवार-रविवार जात राहिलो. ते खडकावर बसून गरवायचे, मी उभा राहून फेकत राहायचो. काय चुकतंय ते सांगायचे, ‘‘पानी उतरायला लागलं की तोंडाशी टाका, आत नको. थांबून थांबून वढा.’’ मला महिनोन् महिने काही लागलं नाही. खरं सांगायचं तर लागू नये असंच वाटत होतं. लागलं तर त्याचं करायचं काय, हा प्रश्न होता.

एकदा ओहोटी लागत असताना निळ्या पाठीच्या माशावर झडप पडली. शेंडा वळला, वरचा तिसरा हिस्सा, तिनं दाखवलेला तसा, आणि धक्का बुचातून माझ्या तळहाताला लागला. सासरे गुडघे दुखत असतानाही पाण्यात उतरले. हातभर लांबीचा जिताडा होता, रुपेरी, डोळे तांबूस. वाळूवर तो तडफडत होता आणि मी ओक्साबोक्शी रडत होतो. सासरे माझ्याकडे न बघता त्याच्या तोंडातला गळ सोडवत होते.

मी म्हटलं, ‘‘पप्पा, घरी चला. तिच्या घरी शिजवू. काठी तिनं दिली, पहिला मासा तिच्या घरी जायला हवा.’’

‘‘बरोबर,’’ ते म्हणाले. ‘‘पन तिचं घर हे नाय. लगीन होऊन ती तुमच्याकडं गेली. तिचं घर नालासोपाऱ्याला.’’

त्यांनी विहिरीवर मासा साफ केला, तुकडे केले, हळद-मीठ लावून डब्यात भरले. आतून ती गोणी आणली, तिनं इतक्या वर्षांपूर्वी ठेवलेली, कढई आणि तवा असलेली. मी ती स्कूटरच्या पायाशी ठेवली. ‘‘तुम्ही पण चला,’’ म्हटलं तर मान हलवली. ‘‘आज नाय. आज तिच्याकडं जाऊ द्या.’’

दार आईनं उघडलं. माझ्या हातातला डबा बघितला, गोणी बघितली. वास आलाच असणार. मी दारातच सांगायला लागलो, नियम असा असा आहे, काठी कुणी दिली, पहिला मासा कुणाच्या घरी, हे घर कुणाचं. मी म्हटलं, ‘‘तुला नको असेल तर मी शेजारी देऊन येतो.’’

‘‘तिच्या घरी आणलास ना?’’ आई म्हणाली. ‘‘मग आत ये.’’

आम्हा दोघांनाही मासा करता येत नव्हता. सासुरवाडीच्या ओट्यापाशी उभं राहून रविवारी मी जे बघितलं होतं ते आठवून सांगत गेलो, लसूण, ओलं खोबरं, चिंचेचा कोळ. आईनं वाटण वाटलं, चव न घेता मीठ घातलं. तुकडे तिनं पदर नाकाला न लावता कढईत सोडले. मग एक ताट वाढलं आणि स्वयंपाकघरात बायको बसायची त्या जागी, मोरीच्या बाजूला, पाटापुढं ठेवलं. ताटाभोवती पाणी फिरवलं. आम्ही दोघं थांबलो. किती वेळ थांबायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

‘‘आता तू घे,’’ आई म्हणाली. ‘‘तिच्या ताटातलंच घे.’’

मी खाल्लं. चव कशी होती ते मला सांगता येणार नाही. काटा आहे का ते बोटांनी चाचपत, सावकाश खाल्लं. आई समोर बसून होती. तिनं स्वतः खाल्लं नाही, पण माझं संपेपर्यंत उठली नाही.

मग मी मोरीवर गेलो. ओट्यावरचं लिंबू चिरलं, डब्यातून डाळीचं पीठ काढलं आणि हात चोळायला लागलो, बायको चोळायची तसे. बोटांची टोकं लाल झाली. आई मागं येऊन उभी राहिली होती.

‘‘रविवारी ती असेच हात धुऊन यायची,’’ आई म्हणाली. ‘‘तरी मला वास यायचा. एकदा म्हणायला हवं होतं तिला, राहू दे म्हणून.’’

तिनं माझ्या हातातलं लिंबू काढून घेतलं आणि नळ बंद केला. वास जावा म्हणून मी खिडकी उघडायला गेलो, तर म्हणाली, ‘‘राहू दे. आजच्या दिवस घरात राहू दे.’’